तांबड्या टोपीतली सुई

सकाळचे सव्वानऊ झाले होते आणि तुर्किया माझ्या दारात उभी होती. ओढणी वाकडी, एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्या पायात नातसुनेची. सुयांची उशी तिनं छातीशी धरली होती, जणू मांजराचं पिल्लूच.

"नझीहा, मोज."

मी मोजल्या. सहा.

"पुन्हा मोज."

पुन्हा मोजल्या. सहाच भरल्या. आमच्याकडे प्रत्येकीच्या उशीवर सात सुया असतात, आणि काम उरकलं की मोजल्याशिवाय कुणी उठत नाही.

"सातवी कुठाय, तुर्किया?"

ती उंबऱ्यावरच बसली. सत्तरीची बाई, पण बसली ती लहान पोरीसारखी, गुडघे पोटाशी घेऊन.

"टोपीत," ती म्हणाली.

कुठली टोपी हे विचारायची गरज नव्हती. तिनं विणलेली टोपी एकच होती, आणि त्या घटकेला ती माझ्या सात महिन्यांच्या नातवाच्या डोक्यावर होती.

टपालखात्यातून निवृत्त झाले तेव्हा मला वाटलं होतं, आता समुद्राकडे बघत बसेन. समुद्र महिनाभर पुरला. मग वडिलांच्या ट्रंकेत एक फोटो सापडला, एकोणीसशे एकतीस सालचा. माझी आजी झबैदा खुर्चीवर बसलीये, अंगावर आमच्या महदिया गावच्या नवरीचा जरीचा पोशाख, आणि मांडीवर माझे वडील, डोक्यावर गोंडेवाली तांबडी शाशिया. त्या फोटोनं मला झपाटलं. बाही कशी बेतली असेल, गळा कसा वळवला असेल, जरीची तार कुठून कुठे गेली असेल. दर मंगळवारी दुपारी माझ्या अंगणात आम्ही सहाजणी जमू लागलो. जुने फोटो बघायचे, जुने कपडे उलटे करून टाके मोजायचे, आणि तसंच्या तसं नवं करायचं. विकायचं नाही. कुणी किंमत विचारली तर मी दार लावून घ्यायचे.

तसंच्या तसं, हा माझा हट्ट. बटण नको, चेन नको, टोपीला आतून अस्तर नको. "वडिलांच्या टोपीला अस्तर होतं का? नव्हतं. मग नाही लावायचं." अस्तर असतं तर.

ती शाशिया तुर्कियानं विणली होती. पांढऱ्या लोकरीची, पाच सळयांवर, आधी पिशवीएवढी मोठी. मग गरम पाणी, साबण, आणि आठवडाभर चोळणं. चोळून चोळून ती आटते, घट्ट होते, वाटीएवढी होते. मग काटेरी बोंडानं घासायची, इतकी की विणीचा एकही डोळा दिसू नये. मग तांबडा रंग. अशी टोपी भाकरीएवढी जाड असते आणि हातात मांजराच्या कानासारखी लागते. तिच्यात सुई शिरली की दिसत नाही, ना बाहेरून ना आतून. पाण्यात मासा जावा तशी जाते. टोपी घट्ट बसली, डोकं इकडेतिकडे हललं, की तिला सरकायला एकच दिशा उरते.

आणि मेहरेजची टाळू अजून भरलेली नव्हती. दूध पिताना तिथली कातडी पाखराच्या गळ्यासारखी उडायची. त्याच्या आधीची दोन माझ्या बेयाच्या पोटातच विझली होती. हा तिसरा. याच्यासाठी आम्ही मायलेकींनी किती पिरांच्या दारात मेणबत्त्या लावल्या, ते आमचं आम्हाला ठाऊक.

"कधी कळलं तुला?" मी विचारलं.

"काल. दृष्ट लागू नये म्हणून गोंड्याशेजारी चांदीचा मासा शिवत होते. मगरिबची बांग झाली, म्हणून सुई टोपीतच खोचली आणि उठले. नमाज आटोपून मोजल्या, तर सहा."

"मग सांगितलं का नाहीस?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू वेडी मीच. "दिवस बुडाला होता, नझीहा."

आमच्याकडे दिवेलागण झाली की सुईचं नाव तोंडातून काढत नाहीत. शेजारणीनं मागितली तर देत नाहीत. हरवली तर शोधत नाहीत. दिव्याखाली सुई शोधणाऱ्याच्या घरातलं माणूस हरवतं, असं म्हणतात. मी पदवीधर बाई, छत्तीस वर्षं टपालावर शिक्के मारले, आणि मीही ते नाव घेत नाही.

"चाचपून बघितली गं मी. लागली नाही हाताला. म्हटलं, सकाळी उजेडात बघू. सकाळी अंघोळीला हमामात गेले, आणि तेवढ्यात बेया येऊन गाठोडं घेऊन गेली."

मी बेयाला फोन लावला. रिंग वाजली. माझ्याच स्वयंपाकघरात वाजली.

कुसकुसच्या मोठ्या परातीत अकरा फोन पडले होते. आदल्या दिवशी मीच ते आमच्या सहा घरांतल्या बायकांकडून गोळा केले होते. "आजीच्या काळात फोन होते का? मग मिरवणुकीत दिसता कामा नयेत." बेयाचा फोन त्या ढिगात थरथरत होता, आणि त्यावर माझंच नाव झळकत होतं: उम्मी, आई.

मी घरच्याच कपड्यांत धावले. बासष्ट वर्षांची बाई जशी धावते तशी. तुर्किया मागून ओरडली, "ओढून काढू नका गं! टोपी ओढली तर ती आत जाईल!"

तिथून भीती दुप्पट झाली. तोवर वाटत होतं, गाठलं की टोपी उपटायची. आता कळलं, उपटायचीही नाही. म्हणजे लांबून ओरडायचीही सोय नाही. "बेया, टोपीत सुई आहे!" असं ऐकून कुठली आई आधी टोपीला हात घालणार नाही?

वेशीच्या अंधाऱ्या बोळातून मी बाहेर पडले तेव्हा मिरवणूक निघालेली होती. वसंतातला पोशाखाचा दिवस. तीन वर्षांपूर्वी आम्ही सहाजणी लाजत लाजत चाललो होतो आणि कॉफी पिणारे पुरुष हसले होते. यंदा ऐंशी बायका होत्या. ऐंशीच्या ऐंशी माझ्या आजीसारख्या. तीच जरीची छाती, तोच पट्ट्यापट्ट्यांचा रेशमी शेला, कपाळावर तीच सोन्याची झालर, भुवया झाकतील अशी. आम्हीच शिकवलं होतं त्यांना. मीच दारोदार फोटो वाटले होते.

आता त्या ऐंशी आज्यांमध्ये मला माझी लेक ओळखू येईना.

ढोल वाजत होता, सनईसारखा झुर्ना वाजत होता, बायका जिभा हलवून किलकारत होत्या. आणि गाणं चाललं होतं, बाळंतघरातलं, सगळ्यांना पाठ असलेलं:

*बाळाच्या गं टोपीला, लावा समुद्राचा मासा*
*वाट पाहून थकली, माझ्या उंबऱ्याची आशा*
*बाळाच्या गं टोपीला, रंग डाळिंबाचा देऊ*
*काट्या, काट्या, दूर जा रे, नको आडवा तू येऊ*

ती शेवटची ओळ मला ऐकवेना.

"बेया!" मी ओरडले. चार बायकांनी वळून पाहिलं. आमच्या गावात बेया काय कमी आहेत!

"कुणाला शोधतेस, लल्ला नझीहा?" बाजारातली अलजिया होती ती, जरीत मढलेली, मानानं लल्ला म्हणणारी पण जिभेची तिखट. "आणि हे काय, तू अशी घरच्या कपड्यांत? आम्हाला नियम, आणि तुला मोकळीक होय?"

"माझी बेया कुठाय?"

"पुढे होती मघाशी. पोरगं रडत होतं बाई तिचं. रडून रडून नुसतं लाल झालेलं. मी म्हटलं, टोपी घट्ट होतेय, जरा खाली दाबून बसव नीट—"

"दाबलीस?"

"अगं, माझ्यावर काय ओरडतेस?"

"दाबलीस का, अलजिया?"

"मी नाही हात लावला. सांगितलं फक्त."

मी बायकांच्या मधून घुसले. एकेका बाळापाशी थांबले. तांबडी टोपी, झोपलेलं बाळ, हे नव्हे. तांबडी टोपी, अंगठा चोखणारं बाळ, हे नव्हे. एका बाळाच्या टोपीला मासा होता. मी ओणवून पाहिलं, आणि त्याच्या आईनं त्याला माझ्यापासून दूर ओढलं. माझा चेहरा तसा झाला असणार.

मग रडणं ऐकू आलं. आपल्या नातवाचं रडणं हजार रडण्यांत कळतं. भुकेचं वेगळं, झोपेचं वेगळं. हे त्यातलं कुठलंच नव्हतं. ते वर चढायचं, तुटायचं, पुन्हा वर चढायचं. मी त्या आवाजाच्या दिशेनं ढकलत निघाले. आणि अर्ध्यावर ते थांबलं.

देवा, रडू दे त्याला. मी तेव्हा एवढंच म्हणत होते. रडू दे.

चौकातल्या झाडांखाली कॉफीच्या दुकानासमोर बेया खुर्चीवर बसली होती. मेहरेज तिच्या खांद्यावर. तिचा उजवा हात त्याच्या डोक्यामागे होता, टोपीवर, थोपटत.

"हात काढ," मी म्हणाले.

"काय गं उम्मी?"

"बेया, हात काढ. हळू. टोपीला शिवू नकोस. त्याची मान धर. मान."

लेकीनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि एक शब्द न विचारता हात काढला. त्याबद्दल मी तिचे उपकार जन्मभर विसरणार नाही. मेहरेजचे डोळे उघडे होते. ओठ थरथरत होते, रडून दमून तो गप्प झाला होता. मी गुडघ्यावर बसले, दोन्ही तळव्यांत त्याच्या हनुवटीचा आणि मानेचा पाळणा केला, आणि मग सांगितलं. दिवसाउजेडी, ढोलाच्या आवाजात, ते नाव घेऊन सांगितलं.

बेयाच्या कपाळावरची झालर किणकिणू लागली.

माणसं गोळा झाली. प्रत्येकाजवळ उपाय होता.

"कातरीनं कापा टोपी."

"कातरीचं पातं आत जाणार, ते सुईला ढकलणार नाही का, शहाण्या?"

"लोहचुंबक आणा. माझ्या वर्कशॉपमध्ये मोठं आहे."

"ओढेल ते, पण कुठल्या अंगाला ओढेल, ते सांगशील?"

"दवाखान्यात न्या."

"दवाखाना तीन गल्ल्या पलीकडे. डोकं हलवत नेणार?"

तेवढ्यात एक तीनचाकी फटफटत गर्दीत शिरली. मासळीवाल्या हमादीची. मागच्या खोक्यावर, बर्फ आणि तारल्या यांच्यामध्ये, तुर्किया बसली होती. हमादी ओरडत होता, "लल्ला, उतरताना कोळंबीवर पाय देऊ नका, अल्लाच्या वास्ते!"

ती उतरली. कुणीतरी तिला वाट दाखवली आणि ती आमच्यापाशी आली. हात पुढे करून आली. तेव्हा पहिल्यांदा माझ्या नीट लक्षात आलं, की ती डोळ्यांनी वाट शोधत नाहीये, हातांनी चाचपतेय.

"तेल आणा," ती म्हणाली.

"कुठलं? तळणाचं की चांगलं?" कॉफीवाल्यानं विचारलं.

"तुझ्या आईला देशील तसलं आण!"

त्यानं जैतुनाचं तेल आणलं. तुर्कियानं उजवा हात मनगटापर्यंत माखून घेतला.

"बेया, पोरी, त्याला छातीशी घे. पिऊ दे. पीत असला की डोकं हलवणार नाही."

पण तो पोशाख. आजीच्या फोटोत गळा उघडा नव्हता, म्हणून मी बेयाचा गळा कंठापर्यंत शिवून बंद केला होता, जरीचे टाके घालून. नऊ महिन्यांचं काम होतं ते. बेयानं दोन्ही हातांनी तो गळा धरला आणि फाडला. जरीचा आवाज होतो फाटताना, खडीसारखा. मला वाईट वाटायला हवं होतं. काहीसुद्धा वाटलं नाही.

मेहरेजनं तोंड लावलं. मी त्याचं डोकं दोन्हीकडून धरलं. तुर्कियानं मानेकडून टोपीच्या काठाखाली एक बोट सरकवलं, मधलं. मग दुसरं. बोटांच्या पाठी बाळाच्या कातडीला आणि पेरं लोकरीकडे. डोळे तिनं मिटून घेतले होते. बोटं गोगलगायीसारखी वर निघाली. टोपीच्या आत एक उंचवटा हळूहळू सरकताना दिसत होता.

कॉफीवाला म्हणाला, "ढोल बंद करा रे."

ढोल बंद झाला. मेहरेजच्या गिळण्याचा आवाज तेवढा ऐकू येत होता. एक घोट. दुसरा घोट. उंचवटा कानामागून वर आला. टाळूच्या अलीकडे येऊन थांबला.

तुर्कियाचा चेहरा जराही हलला नाही. पापणीसुद्धा नाही.

"मिळाली," ती पुटपुटली.

"कुठे?"

"माझ्याजवळ आहे. आता टोपी हातासकट काढायची. नझीहा, काठ रुंद कर. ओढू नकोस. फुलाची कळी उघडतेस असं समज."

मी काठ रुंद केला. टोपी वर आली, तिच्या आत तिचा हात, आणि बाळाचं डोकं खालून मोकळं झालं, घामानं भिजलेलं, जावळ चिकटलेलं. टाळूपासून दोन बोटांवर एक ओरखडा होता, केसासारखा बारीक, लाल. टाळू उडत होती. तशीच, पाखराच्या गळ्यासारखी.

सुई तुर्कियाच्या मधल्या बोटात होती. पेरातून शिरून नखाखाली गेलेली. बोट टोपीलाच टाचलं गेलं होतं. रक्त येत होतं, पण तांबड्या लोकरीवर ते दिसत नव्हतं, नुसती टोपी ओली होत होती. तिनं हूं की चूं केलं नव्हतं. केलं असतं तर पोर दचकलं असतं.

दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरबाईनं मेहरेजच्या डोक्यावर दिवा धरून पुष्कळ वेळ पाहिलं. "वरवरचं आहे," ती म्हणाली. "तरी दोन दिवस लक्ष ठेवा. ताप आला, ओकला, खूप झोपू लागला, तर लगेच आणा." मग तिनं तुर्कियाचं बोट हातात घेतलं. बोट बांधून झाल्यावर तिनं सहज बोट उभं करून विचारलं, "किती, लल्ला?"

तुर्किया बांधलेलं बोट चाचपू लागली.

"किती बोटं दिसतात?"

"बाई, माझं बोट बघायला बसवलंय मला," तुर्किया म्हणाली, "तुझी मोजायला नाही."

डॉक्टरबाई हसली नाही. चिठ्ठी लिहिली आणि म्हणाली, "दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. कधीपासून?"

बाहेर बाकावर आम्ही तिघी बसलो. मेहरेज बेयाच्या कुशीत झोपला होता, आणि दर मिनिटाला ती त्याच्या नाकाशी बोट धरून श्वास बघत होती. खूप झोपू लागला तर, असं डॉक्टर म्हणाली होती. पण रडून थकलेलं बाळ झोपणार नाही तर काय करेल? तरी मी मनात मोजत होते. किती वेळ झाला. किती वेळ म्हणजे खूप?

"हिवाळ्यापासून," तुर्किया समोरच्या भिंतीला सांगावं तसं म्हणाली. "आधी धुकं आलं. मग दिव्याभोवती कडी. सुई ओवायला नातसुनेला बसवायचे. काल तिन्हीसांजेला ती खोचली, ती दिसलीच नाही पुन्हा. दिवस बुडाला हे खरं. पण दिवस बुडाला नसता तरी मी बोलले असते का, कोण जाणे. बोलले असते तर तुम्ही म्हणाला असता, तुर्किया, आता पुरे कर. मंगळवारी मग मी कुठे जाऊ?"

बेयाचा हात मेहरेजच्या पाठीवर थांबला. मला वाटलं, आता ही ओरडणार. ओरडायलाच हवं होतं.

"खाला," ती म्हणाली, "तू सांगितलंस. उशिरा, पण धावत येऊन सांगितलंस." मग ती माझ्याकडे वळली. "उम्मी, तुला माहीत होतं ना?"

"काय?"

"मंगळवारी सगळ्या गेल्या की तू खालानं शिवलेल्या बाह्या घेऊन बसायचीस. मी विचारलं तर म्हणालीस, टाके बघतेय. तू टाके उसवत होतीस."

नाही म्हणता आलं असतं. तोंडात आलंही होतं.

"लांब पडायला लागले होते," मी म्हणाले. "वाकडे जायला लागले होते. मी उसवायचे आणि पुन्हा घालायचे. तिला वाईट वाटू नये म्हणून."

त्या सकाळी मी खूप भ्याले होते. पण तुर्किया माझ्याकडे वळली, त्या दुधाळ डोळ्यांनी मला शोधू लागली, तेव्हा मला तिथून उठून पळावंसं वाटलं.

"माझे टाके?"

"हो."

"सगळे?"

"बाह्यांवरचे. गळ्यावरचे. शेल्याच्या काठाचे."

"मला सांगितलं असतंस, तर मी सुई हातात धरली नसती, नझीहा. पोरावर ही पाळी आली नसती."

"नसती आली."

मिरवणूक समुद्राकडे पोचली असावी. ढोल पुन्हा सुरू झाला होता, लांब.

"मग त्या सगळ्या पोशाखात," तिनं विचारलं, "माझं काय उरलंय?"

टोपी माझ्या मांडीवर होती. सुई काढून घेतलेली, आतून ओली. मी ती उलटी केली, सुलटी केली. कुठेही विरळ नाही, कुठेही गाठ नाही. एकही डोळा निसटलेला नाही. हे विणताना तिच्या डोळ्यांत उजेड नव्हता आणि मला कधी शंकाही आली नव्हती.

"ही सगळी तुझी आहे," मी म्हणाले. "हिला मी हात लावला नाही. लावायला काही नव्हतंच."

मी टोपी तिच्या हातात दिली. बांधलेलं बोट वर धरून, उरलेल्या बोटांनी ती तिच्या काठावरून गोल फिरत राहिली, एकदा, दोनदा. माझ्याकडे तिनं मान वळवली नाही. बेयानं मेहरेजच्या नाकाशी पुन्हा बोट धरलं.

"श्वास आहे?" तुर्कियानं विचारलं.

"आहे, खाला."

"थोड्या वेळानं पुन्हा बघ."